'वितळजोड' म्हणावं का, जिथं काही वितळतच नाही?

वखरवाला : आयटीआयच्या पोरांसाठी विमानाच्या सुट्या भागांवर मराठीत टिपणं काढतो आहे. 'फ्रिक्शन स्टर वेल्डिंग'पाशी गाडं अडलं. वेल्डिंगला पारिभाषिक शब्द 'वितळजोड'. पण इथं फिरती पिन दोन पत्र्यांच्या सांध्यात घुसते, घर्षणाने धातू मऊ पडतो आणि पिन पुढे सरकते तसा दोन्हीकडचा धातू एकमेकांत कालवला जातो. ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना, हे काम त्याच्या खालीच उरकतं. मग काय लिहू?

रामटेकी : 'घर्षण-मिश्रण-संधान'. प्रश्न मिटला.

तिवसेकर : बापा, संधान म्हटलं का पोरायले धनुष्यबाण आठवते. बसस्टँडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन 'ट्रॉलीचं संधान करून दे' म्हणून पाहा बरं एकदा. 'वेल्डिंग मारून दे' हेच मराठी हाय.

रामटेकी : दुकानातली भाषा आणि पुस्तकातली भाषा वेगळी असतेच. नाहीतर टिपणं मराठीत काढायचीच कशाला?

पितळनगरी : 'झाळणे' कोणालाच कसं आठवलं नाही? भंडाऱ्यात अजून चालतो.

रामटेकी : झाळणे म्हणजे सोल्डरिंग. भरणीचा, म्हणजे सांध्यात भरायचा, धातू ४५० अंशांच्या खाली वितळत असेल तर सोल्डरिंग, वर असेल तर ब्रेझिंग. दोन्हींत मूळ धातू वितळत नाही. वेल्डिंगला झाळणे म्हणणं चूक.

पितळनगरी : ही रेघ पुस्तकातली. आमच्या घरी घागरी व्हायच्या. पत्र्याच्या कडेला दाते कापायचे, एक वर एक खाली असे एकमेकांत बसवायचे, वरून सवागी (बोरॅक्स) आणि पितळेचा चुरा, मग भट्टी. सवागी आधी फुगते, मग काचेसारखी पसरते, आणि चुरा सांध्यात ओढला जातो. तुमच्या हिशेबाने हे ब्रेझिंग. आजोबा त्याला झाळणेच म्हणत आणि पंपाच्या स्टोव्हच्या टाकीला कथील लावलं तरी झाळणेच. दोन शब्दांची गरज त्यांना कधी पडली नाही.

सराफकट्टा : आमच्यात त्याला 'टाका'. जुना दागिना मोडीत काढताना टाक्याची घट धरतात ती हीच. शब्द टाकणखारावरून आला, म्हणजे तुमच्या सवागीवरूनच.

तिवसेकर : शिवणाचा टाका तो काय टाकणखारावरून आला? वेल्डर बी आधी दोन-चार टाके मारून घेते, मंग पूर्ण ओढते. टाका म्हंजे टाका.

सराफकट्टा : टंकण, टाकी, टाकसाळ, सगळी एकाच घरची भावंडं. टाका त्यांच्यातलाच. मी म्हणतो म्हणून नाही, ऐकूनच कळतं.

वखरवाला : ऐकून कळतं त्यावर टिपण कसं काढू? 😀 बरं, पोरांनी आज वेगळंच विचारलं. विमानाला एवढे रिव्हेट का, वेल्डिंग का नाही? कारण सांगितलं : २०२४ (साल नव्हे, मिश्रधातूचा क्रमांक) आणि ७०७५ हे विमानातले नेहमीचे ॲल्युमिनियम, पण वितळवून जोडले तर थंड होताना शिवणीतच तडकतात. म्हणून रिव्हेट. आणि म्हणूनच १९९१ साली इंग्लंडच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये ही बिनवितळीची पद्धत निघाल्यावर विमानवाल्यांचं तिकडे लक्ष गेलं. इक्लिप्स ५०० या छोट्या जेटमध्ये बऱ्याच रिव्हेटांची जागा तिनेच घेतली.

तिवसेकर : रिव्हेट नाही, रिपीट. कढईच्या कानाले रिपीट मारते ते.

वखरवाला : या रिपीटाची गंमत ऐका. २०२४ चे रिव्हेट उष्णतेची प्रक्रिया करून थेट फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर राहिले की आपोआप कडक होऊ लागतात. काढल्यावर थोड्या मिनिटांत ठोकायचे, नाहीतर रिव्हेटचं डोकं फुटतं.

रामटेकी : ज्यांनी पद्धत काढली त्यांच्या तर नावातच वेल्डिंग आहे. इंग्रजीत वेल्डिंग म्हणायला वितळावं लागत नाही, ते ओझं 'वितळजोड'ने आपल्यावर टाकलं. मी म्हणूनच संधान म्हणत होतो.

पितळनगरी : 'घोटजोड' करा. अंबाडीची भाजी घोटतात तशीच ती पिन धातू घोटते.

रामटेकी : घोटजोड? परीक्षेच्या पेपरात?

मिहानरोड : नागपुरात मिहानच्या औद्योगिक भागात बोइंग ७८७ विमानाच्या तळाच्या तुळया तयार झाल्यात. त्या कार्बन तंतूंच्या, म्हणजे राळेने चिकटवलेल्या थरांच्या. तिथे झाळ नाही न् टाका नाही. त्यालाही एक शब्द शोधून ठेवा.

तिवसेकर : मी सांगू का? वखराची पास (लोखंडी पातं) झिजली का लोहाराकडे शेवटायले नेतो. लोखंड पांढरं होयेस्तोवर तापवते, वाळू टाकते, पोलादाचा तुकडा बसवून घण मारते. काहीच वितळत नाही, तरी एकजीव होते. म्हंजे 'शेवटणे' हाच तुमचा शब्द.

रामटेकी : शेवटणे म्हणजे झिजलेलं टोक ठोकून लांबवणं, शेवट काढणं. पोलाद लावणं वेगळं.

तिवसेकर : आमच्या लोहाराले जाऊन सांगा. तो दोन्ही एकाच भट्टीत करते न् पैसे शेवटायचेच घेते.

वखरवाला : पोरांना उद्या टिपण द्यायचं आहे हो.

सराफकट्टा : आमच्या मामांकडे, साताऱ्याला, पास नाही म्हणत, 'फास' म्हणतात. कुळवाची फास. मूळ शब्द तोच असावा.

तिवसेकर : काऊन? मूळ शब्द दरवेळी साताऱ्यालेच काऊन सापडते?

सराफकट्टा : 'प'चा 'फ' होतो का 'फ'चा 'प', ते आधी सांगा. मग भांडू.