मदत हवी आहे: होडीच्या मागे लावायचं जुनं आउटबोर्ड इंजिन काही केल्या चालू होत नाही

गळटाक्या: टू-स्ट्रोक, 15 हॉर्सपॉवर, दोरी ओढून चालू करायचं. मागच्या मोसमात दुसऱ्या ओढीला धडधडायचं. आता शंभरदा ओढलं, खांदा निखळायचा बाकी आहे. प्लग नवीन टाकले, चोक देऊन-न देऊन सगळं झालं. परवा होडी काढायचीच आहे. "मेकॅनिककडे न्या" सोडून काहीही सांगा.

प्लगपाना: "सगळं" म्हणजे काय काय? प्लगला करंट येतो का? ओढून झाल्यावर प्लग ओला निघतो की कोरडा? पेट्रोल कधीचं? आणि इंजिन बंद करायच्या बटणाखालची लाल दोरीची क्लिप जागेवर आहे ना? हसू नका, त्या क्लिपपायी माझी अख्खी सकाळ गेली होती एकदा.

गळटाक्या: क्लिप आहे. पेट्रोल टाकीत होतं तेच. करंट कसा बघतात?

जुना खलाशी: करंट-बिरंट राहू द्या. फ्लायव्हील (वरचं जड चाक) काढा, खालचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, घासा, संपलं. माझ्या इंजिनाला दरवर्षी हेच लागतं.

प्लगपाना: खलाशीबुवा, पॉइंट असतील तर ना! सीडीआय, म्हणजे बिनपॉइंटचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, असेल तर घासणार काय? पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, नसताना फ्लायव्हील काढायला सांगताय, हातोडी घालतील आणि क्रँकची वाट लावतील.
गळटाक्या, प्लग काढा, टोपीत बसवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवून कोणालातरी दोरी ओढायला सांगा. प्लग उघड्या भोकापासून लांब ठेवा, आत पेट्रोलची वाफ असते. हातात धरू नका, झटका सणसणीत बसतो.

निवांत: विकून टाका ते धूड. फोर-स्ट्रोक घ्या. ऑइल मिसळायची कटकट नाही, धूर नाही, शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येतं.

जुना खलाशी: आणि उचलायला दोन माणसं लागतात ते नाही सांगितलं.

गळटाक्या: परवा होडी काढायची आहे हो! करंट आहे. निळी ठिणगी, चट् चट् आवाज. दोन्ही प्लग कोरडे ठाक.

प्लगपाना: मग पॉइंटचा विषय मिटला. पेट्रोलच वर चढत नाहीये. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? आणि पाइपमधला रबरी फुगा दाबून दाबून कडक होतो का?

भोवरा: ऑइल किती घालता? मी 25:1 घालतो, म्हणजे 25 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल, इंजिन सुरक्षित राहतं.

प्लगपाना: नवं इंजिन रुळेपर्यंत किंवा फार जुन्या मॉडेलला ठीक. एरवी बऱ्याच टू-स्ट्रोकना 50:1, म्हणजे 5 लिटरला 100 मिली. पुस्तिकेत असेल ते घाला. जास्त ऑइलने प्लग काळे पडतात, आणि इथे तर प्लगपर्यंत काही पोचतच नाहीये.

भोवरा: माझे कधी पडले नाहीत.

वल्हं: विषयाला धरून नाही, पण माझ्या इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या एका पात्याची कड वाकली आहे. ठोकून सरळ केली तर चालेल का?

गळटाक्या: स्क्रू उघडा आहे. फुगा कडक होतच नाही, दाबला की टाकीत बुडबुड ऐकू येतं. पण पाइप खराब असणं शक्य नाही, गेल्या आठवड्यात फुग्यासकट नवा बसवला.

प्लगपाना: हे आत्ता सांगताय? फुग्यावर बाण असतो. तो कुठे तोंड करून आहे?

गळटाक्या: … टाकीकडे.

प्लगपाना: इंजिनाकडे हवा. आत एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात, उलटा बसला की इंजिनाकडची हवा ओढून टाकीत फुंकतो. म्हणून बुडबुड. फिरवून बसवा, क्लिपा घट्ट आवळा. शिवाय ते शिळं पेट्रोल काढून ताजं भरा. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं, आणि कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट राप बसतो.

गळटाक्या: फिरवला, ताजं भरलं. सहा-सात वेळा दाबल्यावर फुगा दगडासारखा! तिसऱ्या ओढीला चालू!! दोन मिनिटं मस्त चाललं. फक्त मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार येत नाहीये, ते नंतर बघतो.

प्लगपाना: बंद करा आधी! इंजिन पाण्यात आहे ना?

गळटाक्या: नाही, स्टँडवर.

निवांत: अरे देवा.

प्लगपाना: पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतली फिरती चकती, रबरी असतो, पाणीच त्याचं वंगण. कोरडा फिरला की पाती जळतात, मग पाणी वर येत नाही आणि इंजिन तापून धरतं. मोठ्या पिंपात पाणी भरा, पाणी ओढायची जाळी पूर्ण बुडवा, न्यूट्रलला ठेवून मिनिटभर चालवा. धार आली नाही तर इंपेलर बदलल्याशिवाय होडी काढायची नाही.

जुना खलाशी: इतकं उघडणारच आहात तर पॉइंटही बघून घ्या.

गळटाक्या: पिंपात लावलं. धार येतेय! बारीक आहे, पण येतेय.

प्लगपाना: बारीक म्हणजे किती?

वल्हं: माझ्या पंख्याचं कोणी सांगणार का?