श्रीलंकेची चौथी सहल : त्रिंकोमाली की जाफना?

कुटुंबासह तीनदा श्रीलंका पाहून झाली असून, आता दुसऱ्या देशाचे नाव घरात कोणी काढत नाही. पोलोन्नरुवाच्या गल विहारात, पहुडलेल्या बुद्धाच्या डोक्याखालची दगडी उशी किंचित दबलेली कोरली आहे, ती पाहून आई तिथून बराच वेळ हललीच नव्हती. या वेळी सुट्टी ऑगस्टमध्येच असल्याने, नैर्ऋत्य मोसमी पावसात बहुधा कोरडा राहणारा पूर्व (त्रिंकोमाली) किंवा उत्तर (जाफना) भाग निवडायचा आहे. दिवस सात, गाडी चालकासह. नकाशे आणि वेळापत्रके चाळली, परंतु आईचे गुडघे दुखत असल्याने जाफनाजवळच्या नैनातीवू बेटाच्या बोटीत चढणे-उतरणे तिला झेपेल का, हे त्यांतून कळत नाही. ज्येष्ठांना त्या बोटीने नेलेल्यांनी सांगावे : धक्क्यावर आधार मिळतो का, आणि तेवढ्यासाठी त्रिंकोमाली सोडावे का?