एका डिशवर घरातील तीन टीव्ही स्वतंत्रपणे कसे चालवावेत?

प्रश्न
गुहागर तालुक्यातील आमच्या दुमजली, जांभ्याच्या घरात ओटीवर, आईच्या खोलीत आणि माडीवर असे तीन टीव्ही असून प्रत्येकाला स्वतंत्र सेट टॉप बॉक्स आहे. डिश मात्र एकच. तंत्रज्ञाने तिच्यापासून एकच केबल आणून ओटीवर स्प्लिटर (एका केबलच्या अनेक वाटा करणारा जोड) बसवला. तेव्हापासून माडीवर कोणी वाहिनी बदलली की आईच्या टीव्हीवर कधी कधी ‘सिग्नल नाही’ असे येते, पण काही वाहिन्या विनातक्रार चालू राहतात. गणपतीला मंडळी येण्यापूर्वी हे मार्गी लावायचे आहे. दुसरी डिश घ्यावी का?

प्रतिसाद 1
दुसऱ्या डिशची गरज नाही. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणाऱ्या भागाला, सेट टॉप बॉक्स केबलमधूनच वीज पुरवतो आणि त्याच विजेने हुकूमही देतो: 13 व्होल्ट दिल्यास उभ्या ध्रुवीकरणाच्या (उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींवरच्या) वाहिन्या मिळतात, 18 व्होल्ट दिल्यास आडव्या. एका केबलवर एका वेळी एकच हुकूम चालत असल्यामुळे माडीवरच्या बॉक्सने 18 व्होल्ट दिले की 13 व्होल्टवर चालणारी आईची वाहिनी जाते; दोघांची मागणी सारखी असेल तर काहीच बिघडत नाही, म्हणूनच तुमच्या काही वाहिन्या टिकतात. चार तोंडांचा क्वाड एलएनबी बसवून प्रत्येक बॉक्सला थेट डिशपासून वेगळी आरजी-6 प्रकारची डिश केबल न्यावी. एलएनबी तुमच्या सेवेच्या बॉक्सना चालणारा आहे, हे आधी विचारून घ्या. चौथे तोंड रिकामे राहील, त्यावर टोपी घालून ठेवा.

प्रतिसाद 2
वरील सल्ला योग्य आहे, पण कोकणात निम्मे दुखणे पाण्याचे असते. मुसळधार सरीत सिग्नल गेला आणि सर ओसरताच परत आला, तर तो जोरदार पावसाच्या थेंबांचा परिणाम असतो आणि त्यावर घरगुती इलाज नाही. पाऊस थांबून ऊन पडले तरी चित्र फुटत राहिले, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे असे समजावे. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाते. शिवाय डिशच्या आग्नेयेकडील माडाच्या झावळ्या पाहून घ्या, कारण वारा सुटला की त्या आडव्या येतात.

प्रतिसाद 3
आईंना मोजक्याच वाहिन्या लागत असतील, तर त्यांच्या खोलीपुरता डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचाही विचार करावा. सह्याद्री वाहिनी तेथे मिळते आणि मासिक शुल्क नाही. मात्र ही सेवा जीसॅट-15 उपग्रहावर, 93.5 अंश पूर्वेला असल्याने त्यासाठी बहुधा वेगळी डिश लावावी लागेल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. आज छपरावर चढून एलएनबीचा कनेक्टर उघडला, तर मधली तांब्याची तार हिरवट पडली होती आणि तिच्याभोवतीचा पांढरा फोम बोटाला ओला लागला. क्वाड एलएनबी बसवून तिन्ही केबली नव्या ओढल्या. आता माडीवर सामना चालू असतानाही आईची मालिका अडत नाही.