नवा एचडी बॉक्स घेतोय, घरात तीन टीव्ही आहेत. जोडणी कशी करावी? (नाशिक)

रोहाउस_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला रो हाउस आहे. खाली हॉल आणि आईबाबांची खोली, वर मुलांची खोली, त्यावर गच्ची. गेली बारा-तेरा वर्षं गच्चीवर एक डिश आणि हॉलमध्ये एक साधा एसडी बॉक्स. केबलचं काम करणाऱ्या एका मुलाने तेव्हा बॉक्सच्या एव्ही आउटला छोटा मॉड्युलेटर लावून वायर दोन्ही खोल्यांत फिरवून दिली होती. म्हणजे हॉलमध्ये जे लागेल तेच तिन्हीकडे दिसतं.

आता बॉक्स रिमोट घेईनासा झालाय, आणि हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही आल्यामुळे एचडी बॉक्स घ्यायचाच आहे. त्याच वेळी तिन्ही टीव्ही वेगवेगळे चालावेत अशी इच्छा आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. संध्याकाळी बातम्या लावायच्या तर त्यांना उठून हॉलपर्यंत यावं लागतं, आणि तिथे आईची मालिका किंवा मुलांची मॅच सुरू असते. हे मला थांबवायचं आहे.

चौकशी केली तर एक जण म्हणतो स्प्लिटर टाका, दुसरा म्हणतो तीन डिश लागतील. खरं काय? ज्यांनी घरी केलंय त्यांनी कृपया सांगा.

सातपूरकर
केबलचा स्प्लिटर टाकू नका. मी टाकला होता. एका खोलीत चॅनेल बदललं की दुसऱ्या खोलीत निम्मे चॅनेल गायब, स्क्रीनवर 'सिग्नल नाही'. दोन दिवसांत काढला. असं का होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

अंबडचा_वायरमन
सातपूरकर, कारण सांगतो. डिशच्या दांड्यावर जो एलएनबी असतो, म्हणजे सिग्नल पकडून वायरीत सोडणारा छोटा डबा, त्याला बॉक्सच वायरीतून वीज देतो. ती १३ व्होल्ट दिली की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाचे चॅनेल खाली पाठवतो, १८ व्होल्ट दिली की आडव्याचे. शिवाय वरचा बँड हवा असेल तर बॉक्स त्याच वायरीवर २२ किलोहर्ट्झचा टोन सोडतो. म्हणजे एका वायरीवर एका वेळी चॅनेलचा एकच गट येतो. स्प्लिटरवर दोन बॉक्स लावले, एकाने १३ मागितले आणि दुसऱ्याने १८, तर एलएनबी १८ चंच ऐकतो. पहिल्याचं चित्र गेलं. त्यात केबलचा स्प्लिटर साधारण १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो आणि डिशची वायर ९५० ते २१५० वर चालते, त्यामुळे बहुतेक सिग्नल तिथेच मरतो.

आता इंदिरानगरच्या दादांसाठी. तीन डिश अजिबात नकोत. डिश तीच ठेवा, एलएनबी बदला. दोन तोंडांचा ट्विन आणि चार तोंडांचा क्वाड मिळतो. प्रत्येक तोंड स्वतंत्र असतं, एक बॉक्स काय मागतो याचा दुसऱ्याशी संबंध नाही. तुम्हाला क्वाड घ्यावा लागेल. चौथं तोंड रिकामं राहील ते राहू द्या, पण त्यावर रबरी टोपी घालून टेप मारा. पुढे कधी रेकॉर्डिंगचा दोन ट्यूनरवाला बॉक्स घेतलात तर त्याला दोन वायरी लागतात, तेव्हा ते उपयोगी पडेल. एलएनबी तुमच्या कंपनीच्या बॉक्सला चालणाराच घ्या. बसवणाऱ्याला फोनवरच 'क्वाड घेऊन या' असं सांगा, नाहीतर तो साधा घेऊन येतो आणि मग तुमचा आणि त्याचा दिवस वाया जातो.

काही बॉक्सना मागे 'एलएनबी आउट' असतं. तिथून दुसरा बॉक्स जोडायचा मोह होईल, पण पुन्हा तोच प्रश्न येतो, दुसरा बॉक्स पहिल्याच्या मर्जीवर चालतो.

पंचवटीकर
दोन पर्याय माझ्याकडून. घरातल्या सगळ्यांना एकच चॅनेल चालत असेल तर एचडीएमआय स्प्लिटर हा सोपा मार्ग आहे. एक बॉक्स, एक रिचार्ज. पण लांब साधी एचडीएमआय केबल त्रास देते, दहा-पंधरा मीटरच्या पुढे कॅट-६ वरचा एक्स्टेंडर लावावा लागतो. तुमचा जुना मॉड्युलेटरही चालेल, नव्या बॉक्सला एव्ही आउट असेल तर. काही बॉक्सना आता फक्त एचडीएमआयच असतं, मागची बाजू बघून घ्या. अर्थात मॉड्युलेटरवर चित्र एसडीच येणार.

दुसरं, बाबांना बातम्याच बघायच्या असतील तर त्यांच्या खोलीत डीडी फ्री डिश लावा. महिन्याचा खर्च शून्य, सह्याद्रीही दिसतं. तुमच्याच डिशवरून वायर ओढा.

अंबडचा_वायरमन
पंचवटीकर काका, पहिला पर्याय बरोबर. फ्री डिशही चांगली, पण त्याच डिशवरून नाही होणार. फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. तुमची डिश टाटा प्लेची असेल तर ती ८३ अंशावर लावलेली आहे. नाशिकमधून ८३ चा उपग्रह दक्षिण-आग्नेयेला, जमिनीपासून सुमारे ६४ अंश वर येतो आणि ९३.५ चा बराचसा आग्नेयेला. दिशाच वेगळी, म्हणजे दुसरी छत्री लागणार.

कॉलेजरोड_ताई
रिचार्जचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. तीन बॉक्स म्हणजे तीन कार्डं, पण तीन नवी कनेक्शनं घेऊ नका. एकाच ग्राहक क्रमांकाखाली 'मल्टी टीव्ही' म्हणून मागा. मार्च २०२० पासून ट्रायने (दूरसंचार नियामकाने) जास्तीच्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं होतं. जुलै २०२४ मध्ये शुल्कावरच्या मर्यादा उठवल्या, त्यामुळे आता कंपनी सांगेल तो दर. बॉक्स बसवण्याआधी तो मेसेजवर लिहून मागा, नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नका. मी गेले होते, पुढच्या महिन्याचा आकडा वेगळाच आला.

आणि प्रत्येक टीव्हीवर तेच चॅनेल घ्यायची गरज नसते. आमच्या सासूबाईंच्या खोलीत फक्त मराठी चॅनेल आणि बातम्या आहेत, एसडीमध्ये. त्यांच्या टीव्हीला ते पुरतं. वरच्या खोलीत वायफाय चांगलं असेल तर मुलांना तिसरा बॉक्स खरंच लागतो का, तेही बघा. मॅच तर आता बहुतेक अ‍ॅपवरच बघतात.

रोहाउस_इंदिरानगर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, मुलांना विचारलं, त्यांना बॉक्स नको, वायफाय पुरेल म्हणाली. म्हणजे हॉल आणि आईबाबांची खोली, दोनच बॉक्स. वायरमन दादा, मग ट्विन चालेल ना? आणि भिंतीतल्या जुन्या वायरी वापरता येतील का? गच्चीवरून हॉलमध्ये एक येते आणि हॉलमधून बाबांच्या खोलीत दुसरी जाते. पुन्हा भिंत फोडायची नाहीये, रंग नुकताच दिलाय.

अंबडचा_वायरमन
ट्विन पुरेल. वायरीवर काय छापलंय ते वाचा. आरजी-६ असेल तर ठेवा, आरजी-५९ असेल तर बदला. ती बारीक असते आणि या फ्रिक्वेन्सीला सिग्नल फार खाते.

भिंत फोडायला नको. गच्चीवरून हॉलपर्यंत त्याच पाइपातून दुसरी वायर ओढा. जुनी वायर दोरीसारखी वापरून नवी ओढू नका, तुटली तर दोन्ही जातील. पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग घाला. मग हॉलमध्ये ही नवी वायर आणि बाबांच्या खोलीत जाणारी जुनी एफ-जॉइंटरने जोडा. मॉड्युलेटर मधून काढून टाका, तो राहिला तर बाबांचा बॉक्स चालणारच नाही. एकूण लांबी तीस मीटरच्या आत असेल तर काळजी नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. एलएनबीपाशी वायर सरळ खाली आणू नका. कनेक्टरच्या खाली तिला झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. कनेक्टरवर रबरी टेप ताणून गुंडाळा, साधा काळा टेप एका उन्हाळ्यात सुटतो. जुलैत 'सिग्नल जातो' म्हणून बोलावणं आलं की अर्ध्या घरांत वायरीच्या जाळीत पाणी शिरलेलं सापडतं. लोक ढगांना दोष देतात. जोराच्या सरीत सिग्नल जातो हे खरं आहे, पण सर ओसरली की परत येतो. दिवसभर येत नसेल तर कनेक्टर उघडून बघा.

रोहाउस_इंदिरानगर
काम झालं. वायर आरजी-६ च निघाली. बसवायला आलेल्या मुलाने आधी नेहमीसारखा सरळ टेप मारला होता, त्याला थांबवून झोल द्यायला लावला. ट्विन बसवल्यावर डिश थोडी हलली होती, बॉक्सच्या सिग्नल मीटरवर बघत पुन्हा नीट केली. दोन्ही बॉक्सवर एकाच वेळी वेगवेगळे चॅनेल लावून पंधरा मिनिटं बघितलं, कुठे अडकलं नाही. बाबांनी काल पलंगावर बसून सातच्या बातम्या बघितल्या, रिमोट उशीपाशी ठेवलाय.

जुना मॉड्युलेटर चालू आहे. कुणाला लागत असेल तर इंदिरानगरला येऊन घेऊन जा, पैसे नकोत.

सातपूरकर
मला द्या. माझ्याकडे दुकानात आणि मागच्या खोलीत एकच चॅनेल चालतं. रविवारी येतो.