उकडतंय की भाजतंय? उन्हाळ्याचे शब्द आणि उपाय इथे लिहा

गोदाकाठची
माळ्यावरून कूलर उतरवताना एक जुना शब्द आठवला, तलखी, म्हणजे उन्हानं होणारी काहिली. म्हणून हा धागा. मोदक वाफेवर उकडतात, पापड कोरड्या आचेवर भाजतात, हवेचंही तेच. चैत्रात नाशकात 'भाजतं', मुंबईत 'उकडतं'. आणि उपाय शब्दातच आहे: भाजत असेल तर पाणी, उकडत असेल तर वारा. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगला कूलर २५-२६ची हवा देतो. ३४ अंश, ७० टक्के असेल तर ३०च्या आसपासच, वर अंग चिकट. येऊ द्या तुमचं.

रांजण
कूलर खिडकीत लावा, समोरची खिडकी चार बोटं उघडी. बंद खोलीत तीच ओली हवा फिरते, नाशकात मुंबई तयार. कूलरच्या बाजूंना पाण्यानं भिजणारी ताटी दर साल बदला. क्षार धरले की मधे कोरडे पट्टे पडतात, तिथून गरम झोत येतो. टाकी आठवड्यातून एकदा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही.

कैरीकिसणी
ताटी गवताची की वाळ्याची??

रांजण
दोन्ही चालतात. वाळ्याचा वास पंधरा दिवसांचा पाहुणा.

पंचवटीकर
माठ राहिला. नवा असेल तर दिवसभर पाण्यात बुडवा, पहिलं पाणी झाडांना. साबण अजिबात नको, छिद्रांत बसतो. नारळाच्या शेंडीनं घासा. तिवईवर, वाऱ्याच्या वाटेत ठेवा. ओट्याच्या कोपऱ्यात माठ म्हणजे नुसती शोभा. बाहेरून पाझरणं थांबलं की छिद्रं बुजली, बदला. अक्षय तृतीयेला भरलेला घट दान देतातच, त्याच फेरीत घरचाही घ्यावा.

सब्जा_घाला
'उष्णता झाली' म्हणजे ताप नव्हे हो. डोळे चुरचुरणं, तोंड येणं, उन्हाळी लागणं, म्हणजे लघवीला जळजळ. इंग्रजी डॉक्टरला 'हीट' सांगितलं की थर्मामीटरच काढतो 😄 सब्जा १ चमचा, ग्लासभर पाणी, २० मिनिटं. कोरडा गिळू नका, घशात फुगतो.

दुपारचीडुलकी
खिशात कांदा ठेवा. ऊन लागत नाही, लासलगावला भावही मिळतो

पंचवटीकर
@डुलकी भावाचं माहीत नाही, उन्हाला कांदा आवरत नाही. थकवा, घाम असेल तर सावली आणि १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण अंग तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय तर 'ऊन लागलंय' म्हणत बसू नका. १०८ लावा, गाडी येईतो अंगावर पाणी आणि पंखा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका.

कैरीकिसणी
बरं, चैत्रगौरीच्या पन्ह्यात गूळ की साखर? हळदीकुंकू उद्याच आहे

गोदाकाठची
गूळ. उकडलेल्या गराच्या दीडपट, गर कोमट असतानाच. वेलदोडा, चिमूटभर मीठ. पाणी आयत्या वेळी. साखर घातलीत तर त्याला सरबत म्हणा.

कैरीकिसणी
सासूबाई साखरवाल्या आहेत 🙈