मोर्चा कामगारांनी काढला म्हणून हवामान बिघडलं का?

टर्बाइन_हॉल

परवा इथे एकाने लिहिलं की कोळसा बंद व्हायला अडचण तंत्राची नाही, पैशाची तर नाहीच; खरा धोंडा म्हणजे युनियनवाले. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवलं नाही.

माझे वडील औष्णिक केंद्रात २९ वर्षं पाळीत होते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, "ही आठवडा काढत नाही." नाहीच काढायची. त्याच कानाने आता त्यांना फोनवरचं धड ऐकू येत नाही. अशा माणसाला धुराचं प्रेम असेल? राख कुणाच्या छातीत गेली, तुमच्या की त्यांच्या? दोन संच बंद करायचं ठरलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आमचं काय, ते कागदावर आहे का?" नव्हतं. मग गेले मोर्च्यात.

आणि 'न्याय्य संक्रमण', म्हणजे कोळसा सोडताना कामगारांना वाऱ्यावर न सोडणं, हे काही चर्चासत्रात सुचलेलं नाही. अमेरिकेतल्या तेल आणि रसायन कामगारांचे पुढारी टोनी मॅझोकी यांचा साधा हिशेब होता: महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारने शिकायला पैसे दिले, तसे घातक धंद्यातून उठवलेल्या कामगारांना द्या. विषारी माती साफ करायला निधी काढता, माणसांसाठी का नाही?

स्पेनने २०१८ मध्ये खाणी बंद केल्या तेव्हा आधी युनियनशी करार झाला. २५ कोटी युरो, ४८ वर्षांवरच्या खाणकामगारांना लवकर निवृत्ती, बाकीच्यांना पर्यायी काम. कुलूप नंतर. २०१९ च्या निवडणुकीत त्याच खाणपट्ट्यांत सरकारी पक्षाची मतं वाढली. तेव्हा 'कामगारांचा पाठिंबा मिळत नाही' म्हणणाऱ्यांनी आपण तो मागितला कसा, तेही सांगावं.

उष्णतामान

तो लेख माझाच. वडिलांबद्दल आदर आहे, पण हवा कुणाच्या निवृत्तीसाठी थांबत नाही. स्पेनमध्ये खाणकामगार उरलेच होते किती! मोठ्या देशाचं बोला. जर्मनीने आयोग बसवला, युनियनला मांडीला मांडी लावून बसवलं, कोळसापट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली, आणि तारीख कोणती ठरली? २०३८! एवढं करून लाउझिट्झच्या कोळसापट्ट्यात मतं भरभरून कुणाला, तर हवामान बदलाची टर उडवणाऱ्या पक्षाला. पैसे ओतले की मनं वळतात, हा तुमचा भाबडेपणा. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं. आभाळ कोसळलं का?

काना_मात्रा

मूळ मुद्द्यावर नंतर येतो. 'संक्रमण' वाचलं की मला अजून मास्क आठवतो. वर्तमानपत्रांनी हिंदीतून उचलून 'संसर्गा'ला हाकलला आणि त्याच्या जागी हा शब्द बसवला. मराठीत संक्रमण म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं. 'स्थित्यंतर' म्हणा ना सरळ.

टर्बाइन_हॉल

@काना_मात्रा कामगारांच्या बाजूने बघितलं तर संक्रमण कसलं, संक्रांतच. तिथे तरी तुमचं व्याकरण बरोबर बसतं.

@उष्णतामान ब्रिटनमधलं आभाळ आधीच कोसळलं होतं, १९८४-८५ मध्ये. वर्षभर खाणकामगारांचा संप, घोडेस्वार पोलीस आणि शेवटी खाणीच्या खाणी बंद. ते हवामानासाठी नव्हतं, युनियनचं कंबरडं मोडायला होतं. गावं बसली ती बसलीच. २०२४ चं कुलूप सोपं गेलं कारण रडायला कुणी उरलंच नव्हतं. याला यश म्हणता?

गेटपास_रद्द

दोघांचं वाचलं. 'कामगार' म्हणता ते नक्की कोण, तेवढं सांगा. टर्बाइनवाल्यांच्या वडिलांना शेवटी दुसऱ्या केंद्रात बदली मिळाली असणार. बरोबर ना? ते कायम होते. मी कोल हँडलिंगला ११ वर्षं कंत्राटी. पट्टा फाटला की रात्री दोनला मला उठवायचे. जाम झालेला रोलर हाताने फिरवून बघायचा, अंगावर कोळशाची भुकटी, नाकातून चार दिवस काळं. संच बंद झाला त्या सोमवारी गेटवर पास लावला, लाल दिवा. मागचा म्हणाला, "चल बाजूला हो, लाइन अडली."

युनियनने करार केला होता, हो. कायम लोकांचा. आमचं नाव त्यात चुकूनसुद्धा नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत कोमाटी केंद्र ऑक्टोबर २०२२ ला बंद झालं, तिथेही हीच कथा: कायमवाल्यांच्या बदल्या, कंत्राटी घरी. त्याच्या आदल्या वर्षी श्रीमंत देशांनी त्यांना कोळसा सोडायला ८.५ अब्ज डॉलर जाहीर केले होते. त्यात बहुतेक कर्ज, अनुदान चिमूटभर.

आणि प्रशिक्षणाबद्दल कुणी बोलू नका. मी घेतलंय. २१ दिवस, सौर तंत्रज्ञ. शिकवणाऱ्या पोराने मल्टिमीटर उलटा धरला होता, देवाशपथ. शेवटच्या दिवशी फोटो, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. काम काय मिळालं? पहाटे चारला उठून पॅनेल धुणं, चार महिने. नंतर तेही गेलं.

उजेड_इंजिनिअरिंग

मी सौर प्रकल्पांची कंत्राटं घेतो, म्हणून बोलतो. प्रकल्प उभा राहताना शेकडो माणसं लागतात, चालू झाला की रखवालदार, धुणारे आणि दोन-चार तंत्रज्ञ. हे गणित मी केलेलं नाही. मल्टिमीटरचं म्हणाल तर पोरगा नवा असेल. पण प्रशिक्षणाला येणाऱ्यांचंही सांगा! अर्धे मोबाइलवर, आणि पहिला प्रश्न 'भत्ता कधी?'

गेटपास_रद्द

भत्ता विचारायचा नाही? साहेब, २१ दिवस घर कशावर चालवायचं, पॅनेलवर भाकरी भाजून?

उजेड_इंजिनिअरिंग

तोंड सांभाळून. टेंडर सगळ्यात कमी बोलीला जातं. मी मजुरी वाढवून भरली तर शेजारचा घेऊन जातो, मग तुम्हाला चार महिनेसुद्धा काम नाही.

उष्णतामान

धागा पाठिंब्याचा होता, मल्टिमीटरवर कुठे पोचला! प्रशिक्षण वाईट म्हणून ऊर्जाबदलच वाईट का?

टर्बाइन_हॉल

पाठिंबा तिथेच अडलाय, अजून कळत नाही का? बोली कमीत कमी मजुरीवर जिंकता येते, हा नियम माणसांनी केलेला आहे. अमेरिकेच्या २०२२ च्या हवामान कायद्यात अट होती: मोठ्या स्वच्छ ऊर्जा प्रकल्पाला पूर्ण करसवलत हवी तर प्रचलित मजुरी द्या आणि शिकाऊ उमेदवार घ्या, नाहीतर सवलत पाचव्या हिश्श्यावर. सगळ्यांनाच अट असली की उजेडसाहेबांचा शेजारीही तेवढीच मजुरी भरेल.

उष्णतामान

आणि २०२५ मध्ये त्याच सवलती छाटल्या. कोणी रस्त्यावर उतरलं? नोकऱ्या देऊनही मतपेटी हलली नाही, हाच तर माझा मुद्दा.

टर्बाइन_हॉल

हा लागला. मान्य. तीन वर्षांत कारखाने उभे राहायचे होते, लोकांच्या घरात पगार पोचायला वेळ लागतो. पण फ्रान्सचंही बघा. २०१८ मध्ये इंधनावरचा कर वाढवायला निघाले, पिवळी जॅकेटं घातलेले आंदोलक चौकाचौकात बसले, डिसेंबरात वाढ मागे घ्यावी लागली. तुमच्या घाईचं फळ ते.

@गेटपास_रद्द वडिलांची बदली झाली, खरंय. कंत्राटी लोकांचा मुद्दा त्यांच्या युनियनने मीटिंगमध्ये 'पुढच्या टप्प्यात' म्हणून टोलवला होता. वडील त्या मीटिंगमध्ये होते. हात वर केला होता की नाही, मी कधी विचारलं नाही.

गेटपास_रद्द

विचारा आता. ऐकू येतं त्या कानाकडून.

उष्णतामान

बरं, माझ्याकडून एक. ऑस्ट्रेलियात हेझलवूड कोळसा केंद्र बंद करायची घोषणा नोव्हेंबर २०१६ ला आणि कुलूप मार्च २०१७ अखेर. पाच महिने! याला नियोजन म्हणत नाहीत, एवढं कबूल. 'धोंडा' हा शब्द मागे घेतो. बाकी लेख तसाच. तारीख आधी ठरली पाहिजे. 'करार होईपर्यंत थांबा' म्हटलं की करार कधीच होत नाही, दोन्ही बाजूंना थांबणं परवडतं.

टर्बाइन_हॉल

तारीख हवीच. एकाच कागदावर, कराराच्या खाली, आणि त्यात कंत्राटी नावांची यादी.

काना_मात्रा

मूळ मुद्द्यावर येणार होतो. राहू द्या. गेटपासरावांचं 'लाइन अडली' वाचून बोलावंसं वाटत नाही.

उजेड_इंजिनिअरिंग

गेटपासराव, मघाशी जरा चढ्या आवाजात बोललो. पुढच्या महिन्यात एक काम सुरू होतंय, केबलिंगचं. पट्ट्यावरची माणसं चालतील मला. इनबॉक्स करा, बघू.

गेटपास_रद्द

इथेच लिहा. किती महिने, मजुरी किती, पीएफ कोण भरणार. इनबॉक्समधल्या शब्दावर एकदा ११ वर्षं काढली आहेत.