पुराच्या दिवसांत फोनवरचं किती खरं धरायचं?

सदलगा_शिवार
पाऊस लागला की गावच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज येऊलालेत. कोयनेचं दार उघडलं, अलमट्टी भरली, पूल बुडाला. निम्मे मराठीत, निम्मे कन्नडमध्ये, आकडा कुठला नि कधीचा ते कुणाला ठाऊक. ग्रुप बंद करावा तर खरी बातमीही आधी तिथंच येते. नदीवरची मोटर कधी काढायची, जनावरं कधी हलवायची, हे ठरवायला फोनवर किती विसंबायचं? टीव्ही, रेडिओ, ॲप यांतलं कामाचं कोणतं?

गेज_वाचक
ग्रुप बंद करू नका, अण्णा. आकडा आला की एकक, जागा आणि वेळ बघायची. यातलं एक जरी नसलं तरी मेसेज पुढं ढकलायचा नाही.

टीएमसी म्हणजे साठा, अब्ज घनफुटांत; क्युसेक म्हणजे वाहण्याचा वेग, सेकंदाला किती घनफूट ते. 1 लाख क्युसेक पाणी 24 तास वाहिलं तर 8.64 टीएमसी होतं. ‘कोयनेतून पाणी सोडलं’ एवढ्यानं काहीच कळत नाही. पायथा वीजगृहातून 2,100 क्युसेक सुटलं तरी बातमी हीच, सहाही वक्र दरवाजे उचलले तरी हीच. अलमट्टीची पातळी मीटरमध्ये सांगतात, पूर्ण भरली की 519.60. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची फुटांत, 39 ला इशारा आणि 43 ला धोका. चार ग्रुप फिरेपर्यंत मीटर-फूट गळून पडतं आणि नुसता आकडा उरतो.

तुमचं शिवार दूधगंगेवर. म्हणजे काळम्मावाडी धरणाचा विसर्ग बघायचा, आणि वेदगंगेतून येणारं पाटगाव धरणाचं पाणी. कोयनेचं पाणी तुमच्या नदीत येत नाही, पण कृष्णा फुगली की दूधगंगेला पुढं वाट मिळत नाही, पाणी तुंबून मागं चढतं. म्हणून कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा आकडाही सोडू नका. कृष्णाकाठच्या यडूर, मांजरीकरांना तर तोच पहिला, कारण कोयना, वारणा, पंचगंगा तिन्ही तिथवर कृष्णेत आलेल्या असतात.

घाटमाथा
हवामानाच्या ॲपबद्दल एक. बेळगाव जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग हिरवा दिसला म्हणून निवांत बसू नये. चिकोडीत ऊन पडलेलं असतं आणि कृष्णा चढत असते, कारण पाऊस महाबळेश्वर-राधानगरीकडं पडलेला असतो. सातारा आणि कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतात, तो बघा. टीव्हीचा उपयोग एवढाच, की कुठला रस्ता बंद ते चित्रासकट दिसतं. तेही सकाळचं चित्र रात्रीपर्यंत ‘ब्रेकिंग’ म्हणून फिरवत असतात.

दोन_बाण
व्हिडिओची तपासणी अशी. वर दुहेरी बाण असला तर तो निदान पाच हातांतून फॉरवर्ड होत आलेला आहे. असा मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं, ते याचसाठी. पाटी, कठडा किंवा देऊळ दिसतं त्या क्षणाला थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सला द्या. जुना पूर असला तर बऱ्याचदा जुनी बातमी निघते. काही निघालं नाही म्हणजे व्हिडिओ आजचा, असं मात्र नाही. फाइलवरची तारीख धरू नका, ती तुमच्या फोनमध्ये उतरली त्या दिवसाची असते.

सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटामध्ये जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून टाका. ऐन वेळी नेट रांगतं आणि त्यातच चाळीस व्हिडिओ उतरत बसतात.

सेलचा_रेडिओ
लाइट गेली की टॉवर बॅटरीवर काही तास निघतो, मग रेंजही जाते. तिथं सगळी ॲपं संपली. दोन पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ तेव्हाही बोलतो. फोनमधला एफएम धरून चालू नका, त्याला वायरचा इअरफोन लागतो, तीच त्याची ॲन्टेना, आणि नव्या फोनांत ते भोकच नसतं. रेडिओची खोट म्हणजे तो जिल्ह्याचं सांगतो, तुमच्या बंधाऱ्याचं नाही.

सरकारचा मोठ्यानं वाजणारा इशारा टॉवरवरून येतो, सिमवरून नाही. कोगनोळीकडं फोनानं महाराष्ट्राचा टॉवर धरला तर तिकडचा इशारा वाजेल. तो खोटा नव्हे, गावाचं नाव वाचा. बहुतेक अँड्रॉइडवर ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’मध्ये वायरलेस अलर्ट चालू आहेत का ते आत्ताच बघून ठेवा.

सदलगा_शिवार
ध्यानात आलं. मेसेजमध्ये ‘दरवाजे 3 फुटांवर’ असं येतं, त्यावरून क्युसेक काढता येतं का?

गेज_वाचक
नुसत्या फुटांवरून नाही. एकूण किती दरवाजे उघडलेत आणि मागं पाण्याची उंची किती, यावर ते ठरतं. धरण काठोकाठ असताना 3 फुटांतून जेवढं सुटतं, तेवढं पातळी उतरल्यावर सुटत नाही. क्युसेकचा आकडा येईपर्यंत तो मेसेज अर्धाच समजा. पण मोटर काढायला त्याची वाट बघू नका.